नवमीचा मंगळवार

ये, अशी जवळ बैस. परवा आलीस तेव्हा काही बसली नाहीस, एक चप्पल पायात आणि एक बाहेर, कॉफी अर्धी टाकून निघालीस. म्हणून आता कागदावर बसवते तुला. सिरुसेरी काय समुद्रापलीकडे आहे का गं? त्या काचेच्या इमारतीतून मैलापूरला यायला तुला दोन सण मध्ये जावे लागतात. आणि आलीस तर उंबऱ्यातूनच काय म्हणालीस? "आजी, हिच्या शाळेत जादा गणिताच्या वर्गासाठी परीक्षा आहे, पण ती नेमकी आजोबांच्या श्राद्धाच्या दिवशी आलीय. राहू दे परीक्षा, आम्ही सगळे श्राद्धालाच येतो."

राहू दे! किती सहज म्हणालीस. मला बरं वाटावं म्हणून म्हणालीस, ते कळलं मला. पण तुझी लेक मागे उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, तुझ्याकडेही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत होती. ते बघणं मी ओळखते. तू गेल्यावर मी तशीच बसून राहिले, दिवा लावायचंसुद्धा सुचलं नाही.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या आईला नाही, तुझ्या आजोबांनाही अर्धंच. आता ऐक.

आम्ही तंजावरहून मद्रासला आलो तेव्हा मी दुसऱ्या फॉर्मात होते, म्हणजे तुमच्या भाषेत सातवी. नवे पैसे नुकतेच निघाले होते, आणि आई भाजीवालीशी अजून आण्यांतच भांडायची. अप्पा सरकारी कचेरीत कारकून. मैलापूरच्या देवळाच्या तळ्यामागे एका मोठ्या घराचा मागचा पोर्शन आम्ही भाड्याने घेतला होता. दोन खोल्या, एक अंगण, अंगणात विहीर आणि विहिरीवर पुढच्या पोर्शनवाल्या मामींचा पहिला हक्क. घरी आमचं तंजावरचं मराठी, दाराबाहेर तमिळ, शाळेत इंग्रजी. या तिन्हींत मी कधी अडले नाही, पण खरी बोलायला लागले ती चौथ्याच भाषेत. ते सांगते.

आमची शाळा मुलींची. चौथ्या फॉर्मात गेलं की मुलींची वाटणी व्हायची. एकीकडे कॉम्पोझिट मॅथ्स, म्हणजे बीजगणित आणि भूमिती. ज्या मुली ते घेतील त्यांनाच पुढे कॉलेजात विज्ञान मिळायचं. दुसरीकडे जनरल मॅथ्स, म्हणजे बाजारहिशोब, आणि त्याच्या जोडीला शिवण, संगीत, चित्रकला असं काहीतरी एक. आता कॉम्पोझिटला मुली थोड्या, बाकं त्याहून थोडी. म्हणून आमच्या गणिताच्या टीचरनी तिसऱ्या फॉर्मापासूनच एक खास वर्ग काढला. शाळेच्या घंटेआधी सकाळी भरायचा. पहिले काही आठवडे कोणीही येऊन बसा, मग एक परीक्षा, तीत ज्या निवडल्या जातील त्यांचाच वर्ग पुढे चालणार, आणि त्यांनाच चौथ्या फॉर्मात कॉम्पोझिट. मागाहून कोणाला घेणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तो वर्ग भरायचा नागलिंगाच्या झाडाशेजारच्या व्हरांड्यात. त्या फुलांचा वास मला अजून बीजगणिताचा वास वाटतो, हस तू. टीचर साध्या नऊवारीत यायच्या, त्यांच्या पद्धतीच्या, तमिळ ब्राह्मणांच्या. हातभर बांगड्या नाहीत, तोंडात दुसरी गोष्ट नाही. फळ्यावर त्यांनी पहिल्यांदा एक्स काढला तेव्हा मुली खुसुखुसू हसल्या. टीचर म्हणाल्या, "हसू नका. घरी नाव न सांगता पाहुणा आला तर दारातच 'तू कोण' म्हणून विचारता का? आधी पाट मांडता, पाणी देता. हाही तसाच. आधी याला जागा द्या. नाव तो आपणहून सांगेल."

कशी सांगू तुला, मला त्या क्षणी काय झालं! मी आजवर गणितं सोडवत होते ती मोलकरणीने भांडी घासावीत तशी. हे वेगळंच होतं. जे माहीत नाही त्याला घाबरायचं नाही, त्याला पाट द्यायचा, दोन्ही बाजूंनी सारखं वागायचं, आणि मग तो उठून आपलं नाव सांगतो! घरी येताना मी देवळाच्या रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला मनात पाट मांडत आले.

अप्पांना तर काय झालं होतं! कचेरीतून एका बाजूने कोरे असलेले कागद आणायचे माझ्यासाठी. कोणी मराठी माणूस भेटला की, "आमची पाप्पा आल्जिब्रा करते." पाप्पा म्हणायचे मला, पुढच्या मामींचं ऐकून; तमिळमध्ये लहान मुलीला म्हणतात तसं. ते स्वतः गणितात नापास होऊन कारकून झालेले. संध्याकाळी माझ्यासमोर बसून विचारायचे, "आज पाहुणा कोण निघाला?" मी म्हणायचे, "सात." "सातच का? मागच्या वेळीही सातच होता." "अप्पा, तो निराळा सात." मग आई आतून म्हणायची, "सात असो की सतरा, पानं घेतली आहेत, उठा."

आता श्राद्धाचं. माझ्या आजोबांची तिथी मार्गशीर्ष वद्य नवमी. तोवर ते श्राद्ध नेहमी तंजावरला थोरल्या काकांकडे व्हायचं, सगळे भाऊ तिथे जमायचे. त्या वर्षी भाऊ वेगळे झाले. भांडण नव्हे, पण झाले वेगळे, आणि वेगळे झालं की श्राद्धही ज्याने त्याने आपापल्या घरी करायचं. अप्पांचं हे पहिलं. बापाचं पहिलं श्राद्ध आपल्या हातून आपल्या घरी. महिनाभर आधीपासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. भटजींना, म्हणजे आमच्यातल्याच एका आचारांना, तळ्याकाठी गाठून सांगून आले, "नवमीला आमच्याकडे या, दुसऱ्या एका ब्राह्मणालाही घेऊन या." आचार म्हणाले, "नवमीला नक्की." एकालाही वार बोलायची गरज वाटली नाही. आमच्यात तिथी म्हटली की झालं, वार काय, वार बाजाराला लागतो.

आणि टीचरनी परीक्षा ठेवली मंगळवारी.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा अप्पा भिंतीवरच्या कॅलेंडराकडे गेले. एका साडीच्या दुकानाचं कॅलेंडर होतं ते, वर लक्ष्मीचं चित्र, खाली तमिळ पंचांगाच्या तिथ्या. बोट ठेवून वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. मंगळवारी सकाळीच अष्टमी संपून नवमी लागत होती. तुला माहीत असेल की नाही कोण जाणे, श्राद्धाला दुपारी जी तिथी असेल ती धरायची. म्हणजे श्राद्ध मंगळवारीच.

आई म्हणाली, "पण हे आपलं पंचांग नव्हे. आपल्या मठाचं पंचांग तंजावरहून यायचं होतं, भावोजींनी अजून पाठवलेलं नाही. आपल्या पंचांगात तिथी काही घटका पुढेमागे असते."

"अगं, चंद्र काय मद्रासला वेगळा आणि तंजावरला वेगळा उगवतो? नवमी ती नवमी."

"आचारांना एकदा विचारून तरी या."

"त्यांना सांगून झालंय नवमीला या म्हणून. आता पुन्हा जाऊन विचारू, की बाबा नवमी कधी असते? हसेल तो मला."

मी म्हणाले, "अप्पा, परीक्षा सकाळी आठला. मी परत येऊन आंघोळ करून सोवळं नेसेन. दुपारच्या आत येईन."

अप्पांनी कॅलेंडरावर पुन्हा बोट फिरवलं. बोलली ती आई, आणि तिलाही ते बोलावंसं वाटत नव्हतं. त्या पावसाळ्यात विहिरीवर घसरून तिचा उजवा हात मोडला होता. जुळला होता, पण जोर धरत नव्हता. श्राद्धाचा स्वयंपाक म्हणजे पहाटेपासून सोवळ्यात. वड्यांची डाळ रगड्यावर वाटायची, तीळ कुटायचे, मिरचीच्या जागी मिरी कुटायची, कोबी-बटाटा असली इंग्लिश भाजी एकही चालायची नाही, म्हणजे केळफूल सोलत बसायचं. हे सगळं एका हाताने कसं व्हायचं? सोवळ्यातला स्वयंपाकी बघू या, असं आई एकदा म्हणाली होती. अप्पा म्हणाले होते, बापाच्या पानावर भाड्याचा हात नको.

"तू गेलीस तर डाळ कोण वाटणार गं?" आई एवढंच म्हणाली.

सोमवारी संध्याकाळी अप्पा माझ्यापाशी येऊन बसले. म्हणाले, "पाप्पा, मी टीचरना सांगेन. एका दिवसाचं काय आहे! हुशार मुलीला कोण नाही म्हणतं? पितरांना दुसरा दिवस देता येत नाही, टीचरना देता येतो." मला ते पटलं. अप्पा म्हणाले म्हणजे होणार. बाप जे म्हणतो ते होतं, असं वाटण्याचं ते माझं शेवटचं वर्ष.

मंगळवार उजाडला. तमिळांच्या मार्गळी महिन्याचे दिवस, अख्ख्या रस्त्यावर दारोदारी ही मोठी मोठी कोलमं, मध्ये शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं फूल. फक्त आमचं दार बोडकं, कारण श्राद्धाच्या दिवशी रांगोळी घालत नाहीत. मामी विहिरीवरून ओरडल्या, "काय, आज रायरांकडे देवसं का?" रायर म्हणजे आम्ही मराठी, आणि देवसं म्हणजे श्राद्धच. आई आतून म्हणाली, "हो." मी ओलेत्याने रगड्यापाशी बसले होते. आठ वाजले ते मला देवळाच्या घंटेने कळले. त्या वेळी व्हरांड्यात मुली बसल्या असतील, टीचर कागद वाटत असतील. मी डाळ वाटत होते, आणि वरवंटा फिरवता फिरवता मनात एकेक समीकरण मांडत होते. म्हटलं, इथेच देते परीक्षा.

स्वयंपाक झाला. पाट मांडले, केळीची पानं मांडली, दर्भ, तीळ, पाण्याची भांडी, सगळं जिथल्या तिथे. अप्पा उपाशी, सकाळची कॉफीसुद्धा नाही, ओल्या धोतराने दाराकडे बघत बसलेले. बारा वाजले. आचार येईनात. एक वाजला. पानं कडेने वळायला लागली. अप्पा म्हणाले, "काय झालं बघून येतो," आणि तसेच अनवाणी तळ्याकडे निघून गेले.

आले ते आचारांना घेऊनच. आचारांच्या हातात काही नव्हतं, कपाळावर गंध सकाळचंच. दारातून पाट-पानं बघितली आणि ते उभेच राहिले.

"राव, हे काय मांडून बसलात? आज अष्टमी."

"अष्टमी सकाळीच संपली," अप्पा म्हणाले.

"कुठे संपली?"

अप्पांनी बोट दाखवलं. आचारांनी मान वर करून लक्ष्मीचं चित्र बघितलं, दुकानाचं नाव वाचलं. "याच्यावरून साड्या घ्या राव, श्राद्ध करू नका. आपल्या पंचांगात आज चार वाजून गेल्यावर नवमी लागते. दुपारची नवमी उद्या. तुमचे वडील उद्या येतील, तुम्ही आजच पानं मांडलीत."

हसून बोलले, मनाचे चांगले होते. अप्पा हसले नाहीत. आईने त्यांना टोमणा मारावा अशी वेळ होती. चंद्र मद्रासला वेगळा उगवतो की काय, असं ती म्हणू शकली असती. पण तिने त्या रिकाम्या पाटांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि डावा हात तोंडावर धरला. तिला माझ्याआधी कळलं.

मला मग कळलं. बुधवार. श्राद्ध बुधवारी होतं. मी मंगळवारी शाळेत जायला पाहिजे होतं. सकाळी आठ वाजता, व्हरांड्यात, जायला काही म्हणजे काहीच आड नव्हतं. एका भिंतीवरच्या कागदाखेरीज.

"आता हा स्वयंपाक?" आईने विचारलं.

"खा," आचार म्हणाले, "आज तो नुसता स्वयंपाक."

खा म्हणाले. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा, तो खुशीत वडे खात होता. मी माझा वडा त्याच्या पानात सरकवला. अप्पा जेवले नाहीत. त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं, आणि कुठे ठेवावं ते न कळून हातात धरून अंगणात उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं, पुन्हा पहाट, पुन्हा रगडा. या वेळी पाटांवर माणसं बसली. पिंड ठेवताना अप्पांना रडू फुटलं. आचारांना वाटलं बापासाठी. असेलही, बापासाठीही असेल.

गुरुवारी अप्पा कचेरीत उशिरा येतो म्हणून कळवून माझ्याबरोबर शाळेत आले. कोट घातलेला, टोपी घातलेली. हेडमिस्ट्रेसबाईंच्या खोलीत टीचरही होत्या. मी दाराशी. टीचरनी विचारलं, "काय झालं सार? ही मुलगी का नाही आली? मी हिची वाट बघून घंटा उशिरा दिली."

आणि माझे अप्पा, जे जन्मात मुलांशीसुद्धा खोटं बोलले नव्हते, ते इंग्रजीत म्हणाले, "फीवर, मॅडम. टू डेज फीवर."

टीचरनी माझ्याकडे बघितलं. मी धडधाकट उभी, रगड्याने हात लाल झालेले. त्यांना कळलं असणार. हेडमिस्ट्रेसबाई म्हणाल्या, "ताप असेल तर काही हरकत नाही, डॉक्टरचा दाखला आणा, आम्ही पुन्हा पेपर देऊ." आता दाखला कुठून आणणार? अप्पा "येस मॅडम, येस मॅडम" म्हणत उभे राहिले. टोपी हातात घेतली, पुन्हा डोक्यावर ठेवली. मग निघाले.

फाटकाकडे जाताना मी विचारलं, "अप्पा, ताप का म्हणालात?"

ते नागलिंगाच्या झाडाखाली थांबले. म्हणाले, "त्या बायका ब्राह्मणाच्या घरच्या. श्राद्ध म्हटलं असतं तर 'दोन दिवस कसं?' म्हणून विचारलं असतं. त्यांच्यासमोर काय सांगू पाप्पा? की आम्हाला आमच्या बापाची तिथी कळली नाही? साडीच्या दुकानावरून श्राद्ध केलं?"

तुला हे कळायचं नाही. तुमच्या पिढीत श्राद्ध चुकलं तर फोनवर सांगाल आणि हसाल. पण तेव्हा मैलापुरात आम्ही मराठी किती, मूठभर. लोक रायर म्हणून मान द्यायचे, आणि पाठीमागे म्हणायचे की यांचं सगळंच वेगळं, भाषा वेगळी, पंचांग वेगळं, सणही आपल्यामागून एक दिवस येतात. मान हा एवढाच होता आमच्याकडे, की आम्ही आमचं चुकवत नाही. तो मान अप्पांनी त्या खोलीत वाचवला. मला वाटत नाही की त्यांना तेव्हा कळलं, कशाच्या बदल्यात.

दाखला आला नाही. यादी लागली. माझं नाव नव्हतं. पुढच्या वर्षी, चौथ्या फॉर्मात, मी जनरलमध्ये गेले, जोडीला शिवण. रुमालाला दुमड घालायची, काजं करायची, उलटी टीप, सुलटी टीप. शिवणाची खोली अंगणाच्या अलीकडे आणि व्हरांडा पलीकडे. शाळेत लवकर पोचले की टीचरचा आवाज ऐकू यायचा, शब्द नाही, नुसता चढउतार. मी त्या चढउतारावरून ओळखायचे, आता पाट मांडला, आता नाव सांगितलं.

त्या वर्षाच्या शेवटी टीचर मला जिन्यात भेटल्या. थांबल्या. म्हणाल्या, "त्या वेळी घरी देवसं होतं ना गं? तिथीचा घोळ?"

मी मान हलवली.

"मग वडिलांनी तसं सांगायचं! आमच्या घरी दोन पंचांगांवरून दर वर्षी भांडणं होतात. माझ्या सासऱ्यांची तिथी आम्ही एकदा चुकून आदल्या दिवशी केली. देवशासाठी मी शंभरदा पेपर दिला असता." मग त्यांनी माझा हात धरला, सुईने टोचलेली बोटं बघितली, आणि पटकन सोडून वर गेल्या.

हे मी अप्पांना कधी सांगितलं नाही. सांगून काय करायचं होतं? त्यांना आधीच खूप झालं होतं.

उन्हाळ्यात थोरले काका तंजावरहून आले. मी ओसरीवर रुमाल शिवत होते. काका म्हणाले, "हे शिकायला रोज शाळेत पाठवतोस? हे काय हिची आई शिकवत नाही? मोठी झाली मुलगी, स्थळं बघ." मी अप्पांकडे बघितलं. त्या परीक्षेआधी हेच काका हेच म्हणाले असते तर अप्पा कडाडले असते, "आमची पाप्पा आल्जिब्रा करते!" आता ते काय म्हणणार, आमची पाप्पा काजं करते? आल्जिब्रासाठी ते भावाशी भांडले असते. रुमालासाठी कसे भांडणार? ते खाली बघत राहिले. आई आतून भांडं आपटत होती, बस. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी घरात होते.

त्या वर्षी तंजावरहून मठाचं पंचांग वेळेवर आलं. अप्पांनी ते उघडलंच नाही. माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "पाप्पा, तूच बघ. घरच्या सगळ्या तिथ्या यापुढे तू सांगायच्या." मला घटका-पळं कोण शिकवणार? मीच शिकले. सूर्योदय कधी, घटकेची मिनिटं किती, तिथी कुठे सुरू कुठे संपते, दुपार कुठपासून कुठवर धरायची, गुणून भागून काढायची. पुढे पुढे तळ्याकाठची सगळी मराठी घरं मला विचारायला लागली. "अमक्यांची नवमी कधी गं?" "तमक्यांची द्वादशी या वर्षी दोन दिवस आहे, कोणती धरू?" आचारही हसत हसत विचारायचे. माझी एकही तिथी चुकली नाही. लग्नानंतर पुन्हा वाचायला लागले, तुझ्या आईच्या पुस्तकांतून जमेल तेवढं बीजगणितही शिकले, पोरांच्या परीक्षेआधी त्यांना शिकवलंही. पण जे माझं होतं, ते सगळं गणित मेलेल्यांच्या कामी आलं. जिवंतांच्या उपयोगी मला कोणी येऊच दिलं नाही, आणि ज्यांनी येऊ दिलं नाही ते माझ्यावर सगळ्यांत जास्त माया करणारे होते. कोणावर रागावू? रागावायला माणूस तरी वाईट हवा ना!

अप्पा गेले त्याची तिथीही मीच काढली. भाऊ रडत होता, म्हणाला, "अक्का, तू सांग." मी पंचांग उघडलं, आणि पहिल्यांदा मला आकडे दिसेनात.

आता तुझं. तू गेल्यावर मी दोन्ही पंचांगं काढून बघितली, तुझ्या आजोबांच्या तिथीचा दिवस. म्हटलं, निघेल काही घटकांचा फरक, होईल दुसऱ्या दिवशी. पण नाही, फरक नाही. दोन्हींत तोच दिवस, दुपार अख्खी त्याच तिथीची. या वेळी चूक कोणाचीच नाही, श्राद्ध खरोखर त्याच दिवशी आहे. आणि तरीही मी सांगते, लेकीला परीक्षेला पाठव. तूही तिच्याबरोबर जा, फाटकाशी उभी राहा. वडे मी आणि तुझी आई करू, मिक्सर आहे आता, हात मोडायचा नाही. तुझ्या आजोबांना मी समजावते. आयुष्यभर माझं अर्धंच ऐकलं त्यांनी, पण हे पुरं ऐकतील.

आणि शाळेत कोणी काही विचारलं, तर ताप आहे, बरं नाही, असलं काही सांगू नकोस. आमच्या घरी श्राद्ध होतं आणि तरी आम्ही आलो, असं सरळ सांग. कोणी हसलं तर हसू दे.

मग त्याच्या पुढच्या रविवारी ये. घाईने नको, चप्पल दोन्ही काढून ये, जेवायला थांब. तिला घेऊन ये, आणि तिचं ते पुस्तकही. हल्ली एक्सला काय शिकवतात मला बघायचंय. मी तिला शेजारी बसवीन, पाट देईन, तिने मला सांगायचं आत कोण आहे ते. लवकर ये गं. मी आता वाट बघायला लागले की खूप बघते.